दोनशे मीटरची शर्यत कशी वाटून घ्यावी: जलतरणातील वेगनियोजन

माझ्या जुन्या वहीत २०० मीटर फ्रीस्टाइलच्या एका शर्यतीची नोंद आहे: ३०.९, ३५.३, ३८.६, ३९.४. प्रत्येक आकडा ५० मीटरचा, सेकंदांत; एकूण वेळ २ मिनिटे २४.२ सेकंद. त्या दिवशीचे लक्ष्य २ मिनिटे २० सेकंदांचे होते आणि सरावातल्या वेळा पाहता ते आवाक्याबाहेरचे मुळीच नव्हते. शंभर मीटरवर मी ठरवलेल्या वेळेच्या १.८ सेकंद पुढे होतो, दीडशेवर ०.८ सेकंद मागे पडलो आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये हात पाण्याबाहेर काढणेसुद्धा जड झाले. काठावरून पाहणाऱ्यांना वाटले की पोराचा दम कमी पडला. दम कमी पडला नव्हता. तो पहिल्या अर्ध्या मिनिटात खर्च झाला होता.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर पोहणारे, मास्टर्स म्हणजे प्रौढांच्या गटात उतरणारे आणि त्यांना शिकवणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. मध्यवर्ती उदाहरण २०० मीटर फ्रीस्टाइलचे घेतले आहे, कारण १०० मीटरमध्ये वेगाची चूक बरीचशी झाकली जाते आणि ४०० मीटरमध्ये ती दुरुस्त करायला थोडा तरी अवधी मिळतो. २०० मीटर यांपैकी कोणतीच सवलत देत नाही.

पाणी हिशेब कसा ठेवते

पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधाला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वर दिलेल्या नोंदीत पहिले पन्नास मीटर ठरवलेल्या ३२.६ ऐवजी ३०.९ सेकंदांत गेले, म्हणजे वेग साधारण साडेपाच टक्क्यांनी जास्त होता; घनाच्या हिशेबाने त्यासाठी सुमारे सतरा टक्के जास्त शक्ती लागली. सूर आणि टर्न यांमुळे हा हिशेब अगदी काटेकोर राहत नाही, पण त्याची दिशा बदलत नाही. पळणाऱ्या माणसाला हवेचा विरोध फारसा जाणवत नाही, म्हणून मैदानावरची अक्कल तलावात जशीच्या तशी चालत नाही. पाण्यात वेगाची उधळपट्टी महाग पडते आणि पुढे संथ पोहून ती भरूनही निघत नाही, कारण जास्त वेगाने घालवलेली शक्ती कमी वेगाने वाचवलेल्या शक्तीपेक्षा नेहमीच अधिक भरते.

दुसरी बाजू शरीराची. सूर मारल्यानंतरचे पहिले दहाएक सेकंद स्नायूंमध्ये आधीच साठलेल्या फॉस्फोक्रिएटिन या तातडीच्या इंधनावर बऱ्यापैकी निभावतात आणि म्हणूनच तेवढा वेळ कोणताही वेग सोपा वाटतो. त्यानंतर शर्करेचे ऑक्सिजनविना होणारे विघटन आणि ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा यांना भार उचलावा लागतो. ऑक्सिजनची यंत्रणा पूर्ण जोमात यायला वेळ लागतो. मधल्या काळात जास्त जोर लावला तर स्नायूंमधील आम्लता लवकर वाढते आणि तिचे परिणाम साठ-सत्तर सेकंदांनंतर, म्हणजे नेमके तिसऱ्या पन्नासात, हातांवर दिसू लागतात. पहिल्या पन्नासात शरीराकडून मिळणारी खूण म्हणून विश्वासार्ह नसते: तिथे जे सोपे वाटते ते खरोखर सोपे असतेच असे नाही.

पहिली पायरी: स्वतःच्या वेळा

नियोजन दुसऱ्याच्या आकड्यांवरून करता येत नाही. आधी स्वतःची ५०, १००, २०० आणि ४०० मीटरची अलीकडच्या तीन-चार महिन्यांतील सर्वोत्तम वेळ लिहून काढावी. त्याखेरीज पाण्यातून भिंतीला पाय लावून निघालेल्या पन्नास मीटरची पूर्ण जोरातील वेळही घ्यावी. सुराने निघालेले पन्नास आणि भिंतीवरून निघालेले पन्नास यांतला फरक बहुतेक क्लब जलतरणपटूंमध्ये दोन सेकंदांच्या आसपास असतो. हा फरक माहीत नसेल, तर पहिल्या स्प्लिटची, म्हणजे पहिल्या तुकड्याला लागलेल्या वेळेची, तुलना बाकीच्या तिन्हींशी करता येत नाही आणि उगाच वाटत राहते की आपण दुसऱ्या पन्नासात फार मंदावलो.

स्प्लिट घेताना एकच नियम पाळावा: फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकमध्ये टर्न मारताना पाय भिंतीला लागले की, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात लागले की. एकदा डोके वळताना आणि एकदा पाय लागताना स्टॉपवॉच दाबले, तर पाऊण सेकंदाची गफलत सहज होते आणि एवढ्या गफलतीवर नियोजन उभे राहत नाही. तलावाची लांबीही एकदा टेपने मोजून घ्यावी. जुन्या तलावांपैकी कित्येक नेमके २५ किंवा ५० मीटरचे नसतात आणि तिथल्या वेळांवर विश्वास ठेवून स्पर्धेत उतरलेल्या मुलांचे चेहरे पाहवत नाहीत.

दुसरी पायरी: कागदावरची वाटणी

समजा, एखाद्याची १०० मीटरची सर्वोत्तम वेळ १ मिनिट ४ सेकंद आहे आणि २०० मीटरचे लक्ष्य २ मिनिटे २० सेकंद आहे. पहिले शंभर मीटर सर्वोत्तम वेळेपेक्षा साडेतीन ते साडेचार सेकंदांनी सावकाश ठेवावेत, असा माझा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. इथे चार सेकंद धरू. म्हणजे पहिले शंभर १ मिनिट ८ सेकंद आणि उरलेले शंभर १ मिनिट १२ सेकंद. पन्नासच्या हिशेबात ही वाटणी ३२.६, ३५.४, ३६.० आणि ३६.० अशी येते. सुराचा लाभ वजा केला तर चारही तुकडे एकमेकांच्या सव्वा-दीड सेकंदाच्या आत बसतात. दोनशे मीटरच्या शर्यतीत समान वेग म्हणजे हेच. चारही स्प्लिट सारखे दिसणे नव्हे.

सर्वोच्च पातळीवरही चित्र फारसे वेगळे नाही. २००९ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या पाउल बीडरमान याने २०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४२.०० सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याचे पहिले शंभर ५०.१२ सेकंदांत आणि दुसरे ५१.८८ सेकंदांत झाले होते. मधला फरक पावणेदोन सेकंदांचा, आणि त्यातलाही बराचसा सुराने दिलेला. ते पाण्याचा विरोध कमी करणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांचे वर्ष होते आणि २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. पण वाटणीचा धडा पोशाखावर अवलंबून नाही. क्लब पातळीवर दोन शंभरांमधला फरक चार सेकंदांपर्यंत ठीक मानावा. सहा सेकंदांहून जास्त फरक दिसला, तर पहिला अर्धा भाग चुकला असे समजावे, मग एकूण वेळ कितीही चांगली आली असो.

लक्ष्य ठरवताना थोडा संकोच बाळगणे बरे. शेवटच्या स्पर्धेपेक्षा दीड-दोन सेकंदांची सुधारणा धरून स्प्लिट आखावेत. पाच सेकंदांची सुधारणा कागदावर मांडली की पहिला स्प्लिट आपोआप अवाजवी वेगवान होतो आणि मग सगळा डोलारा तिथेच कोसळतो.

तिसरी पायरी: आकडा अंगात मुरवणे

पोहताना घड्याळ दिसत नाही. त्यामुळे ३५.४ हा आकडा डोक्यात असून उपयोग नाही. तो हाताच्या खेचेत आणि पायांच्या लयीत ओळखता आला पाहिजे. यासाठी आमच्या तलावावर आम्ही सर्वांत जास्त वेळ एका साध्या सरावाला देतो. भिंतीवरून निघून ५० मीटर ठरलेल्या वेळेत पोहायचे, हात लावल्यावर घड्याळाकडे न पाहता आपली वेळ मोठ्याने सांगायची आणि मगच प्रशिक्षकाने खरी वेळ सांगायची. सुरुवातीला अंदाज दोन-दोन सेकंदांनी चुकतो. आठवड्यातून दोनदा असे आठ-आठ पन्नास केले, तर दीड-दोन महिन्यांत बहुतेकांचा अंदाज अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. वेग वाढवायचा मोह इथे आवरावा लागतो: ३६.० सांगितले असताना ३४.८ आले, तर ते शाबासकीचे नव्हे, चुकीचे पन्नास आहे. मुलांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते आणि पालकांना त्याहून अवघड.

दुसरा सराव तुटक दोनशेचा. सूर मारून शर्यतीच्या लक्ष्याप्रमाणे पन्नास मीटर पोहावे, भिंतीवर दहा सेकंद थांबावे, पुन्हा पन्नास, असे चार वेळा करावे आणि विश्रांतीची तीस सेकंदे एकूण वेळेतून वजा करावीत. मिळालेली वेळ प्रत्यक्ष शर्यतीपेक्षा साहजिकच चांगली येते, पण शर्यतीच्या वेगाची ओळख याइतकी नीट दुसऱ्या कशाने होत नाही. हे जमू लागले की थांबे कमी करावेत: आधी १०० मीटरवर एकच थांबा, मग १५० मीटर सलग आणि नंतर ५०. तिसऱ्या पन्नासाची सवय शेवटच्या प्रकारात लागते, म्हणून स्पर्धेच्या आधीच्या तीन आठवड्यांत त्याच्यावर भर द्यावा.

स्ट्रोक मोजणे हा तिसरा आधार. प्रत्येक पन्नासात हाताचे किती फटके बसले ते मोजावे. सुरामुळे पहिल्या पन्नासात ते कमी असतात. पुढे थोडे थोडे वाढतात. ३८, ४२, ४३, ४६ अशी चढण नैसर्गिक आहे. तिसऱ्या पन्नासात आकडा एकदम ४८ वर गेला आणि वेळही बिघडली, तर हात पाण्यात घसरत आहे, पकड सुटली आहे, असा त्याचा अर्थ. टोपीत बसवायचे बीप देणारे छोटे यंत्र मिळते. त्याने लय पक्की होते, पण स्पर्धेत ते चालत नाही; म्हणून त्याच्यावर फार विसंबू नये.

चौथी पायरी: शर्यतीचा दिवस

स्पर्धेआधी सराव कमी केलेला असतो, झोप झालेली असते, मन उत्तेजित असते. या ताजेपणामुळे सरावातला ३२.६ चा वेग त्या दिवशी रेंगाळल्यासारखा वाटतो. माझ्या वहीतल्या त्या ३०.९ चे कारण हेच होते. वॉर्म-अपमध्ये दोन-तीनदा पन्नास मीटर ठरलेल्या वेळेत पोहून पाहिले असते आणि कोणाला तरी घड्याळ लावायला सांगितले असते, तर शरीर हलके आहे हे तिथेच कळले असते. आता ही गोष्ट मी कोणालाही चुकवू देत नाही.

शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या पन्नासात सूर आणि पाण्याखालची सरक यांचा पूर्ण लाभ घ्यावा, पण वर आल्यावर हात लांब आणि निवांत ठेवावा. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सूर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते. मात्र जितक्या अंतरापर्यंत लाथा खरोखर वेगवान राहतात तितकेच राहावे. श्वास पहिल्या फटक्यांपासून नियमित घ्यावा. पन्नास मीटर श्वास रोखून पोहण्याची फुशारकी ५० मीटरच्या शर्यतीत चालते. दोनशेमध्ये तिची वसुली तिसऱ्या पन्नासात होते. पायांचे मोठे स्नायू ऑक्सिजन भराभर खातात, म्हणून पहिल्या शंभरात लाथ फक्त शरीर सपाट ठेवण्यापुरती असावी.

दुसरे पन्नास शर्यतीतला सर्वांत फसवा भाग आहे. इथे काहीच दुखत नसते, शेजारच्या लेनमधला पुढे दिसत असतो आणि काठावरून ओरडा सुरू झालेला असतो. इथे करायची गोष्ट एकच: लय न वाढवता फटक्याची लांबी टिकवणे. शंभर मीटरवर टर्न मारताना अंगात बरेच शिल्लक आहे असे वाटले पाहिजे. तसे वाटले नाही, तर उरलेल्या शंभरात फारसे काही करता येत नाही.

तिसऱ्या पन्नासात शर्यत खरोखर सुरू होते. वेग तोच राखायचा असला तरी आता तो राखायला जाणीवपूर्वक जोर वाढवावा लागतो, आणि वाढवायचा तो आधी पायांनी, मग हाताच्या लयीने. शंभर मीटरच्या टर्ननंतर भिंतीवरून जोरात निघावे आणि तिथूनच लाथ मोठी करावी. दमल्यावर पोहणारा सर्वांत आधी टर्नमध्ये कंजुषी करतो: भिंतीवरून अर्धवट सरकतो आणि लगेच श्वासासाठी वर येतो. दीडशेच्या टर्ननंतर पहिले दोन फटके श्वास न घेता मारायचे, एवढा एकच निश्चय केला तरी दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. शेवटच्या पन्नासात सांगण्यासारखे फार नसते. डोके खाली, लय वर. बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांखालून गेल्यावर, म्हणजे शेवटच्या पाच मीटरमध्ये, श्वास नाही.

शेजाऱ्याच्या वेगाने वाहवून जाऊ नये, हे सांगायला सोपे आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली पुरुषांच्या ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिलेत फ्रान्सचा आलँ बर्नार शेवटच्या टप्प्यावर ०.५९ सेकंदांच्या आघाडीने निघाला आणि पहिल्या पन्नासात ती आघाडी वाढली. अमेरिकेचा जेसन लेझॅक परतीच्या पन्नासात त्याला गाठत गेला आणि अमेरिकेने ०.०८ सेकंदांनी सुवर्ण घेतले. लेझॅकचा टप्पा ४६.०६ सेकंदांचा होता, बर्नारचा ४६.७३ चा. बर्नार संथ पोहला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातात आघाडी आहे त्याने पहिल्या पन्नासात आणखी उसळण्याची गरज नव्हती, असे मला तरी वाटते.

इतर अंतरे

५० मीटरमध्ये वेगनियोजन असे फारसे नसतेच. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. एवढ्या अंतरात सूर, पाण्याखालच्या लाथा आणि शेवटचा स्पर्श यांचाच हिशेब महत्त्वाचा ठरतो.

१०० मीटरमध्ये पहिले पन्नास बरेच जोरात जावे लागते, पण किती जोरात हे ठरवताना परतीच्या वेळेकडे पाहावे. रोमानियाच्या डेव्हिड पोपोविची याने २०२२ मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.८६ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला तेव्हा त्याचे स्प्लिट २२.७४ आणि २४.१२ होते. चीनच्या पान झानले याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४६.४० ची वेळ दिली, तेव्हा ते २२.२८ आणि २४.१२ होते. परतीची वेळ तीच, जातानाची जवळजवळ अर्ध्या सेकंदाने कमी. पहिले पन्नास वेगवान करायला हरकत नाही. अट एवढीच की त्याची किंमत परतीत मोजावी लागू नये. क्लबच्या जलतरणपटूने आधी परतीचे पन्नास पक्के करावे आणि ते न ढळता जातानाची वेळ हंगामागून हंगाम दशांशाने खाली आणावी.

४०० मीटरमध्ये तिसरे शंभर निर्णायक असते, आणि बहुतेकांचे तेच झोपते, कारण सुरुवातीचा जोश ओसरलेला असतो आणि शेवट अजून दूर असतो. आखणी करताना दुसरे आणि तिसरे शंभर एकाच वेळेचे ठेवावे आणि सरावात तिसऱ्या शंभरालाच घड्याळ लावावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये निम्म्या अंतरावर अमेरिकेची केटी लेडेकी पुढे होती. ऑस्ट्रेलियाच्या आरियार्न टिटमसने तो फरक वाढू न देता पाठलाग केला आणि शेवटच्या शंभरात पुढे जाऊन ३ मिनिटे ५६.६९ सेकंदांत सुवर्ण घेतले. लेडेकीची वेळ ३ मिनिटे ५७.३६ सेकंद होती.

८०० आणि १५०० मीटरमध्ये सरासरी पन्नास काढावे आणि पहिले दोन-तीन सोडून सगळे त्या आकड्याच्या अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवावेत. अमेरिकेचा बॉबी फिंक टोकियोत १५०० मीटर १४ मिनिटे ३९.६५ सेकंदांत जिंकला, म्हणजे पन्नासची सरासरी साधारण २९.३, पण त्याचे शेवटचे पन्नास २५.७८ सेकंदांत झाले. अशा शेवटाचे आकर्षण सगळ्यांना असते. परंतु इतका जोर शेवटी शिल्लक राहतो याचा अर्थ आधी काहीतरी वाचवले गेले, असाही होतो. पॅरिसमध्ये त्याच फिंकने सुरुवातीपासून पुढे राहून १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणजे सरासरी २९.० च्या आसपास. पदकासाठी शेवटची झेप पुरते, वेळेसाठी मधले पंचवीस लॅप लागतात. क्लब पातळीवर तर दुसऱ्या मार्गानेच जावे, कारण आपली स्पर्धा बहुधा शेजाऱ्यापेक्षा पात्रतेच्या वेळेशी असते.

प्रकारानुसार फरक

बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये परतीची घसरण फ्रीस्टाइलपेक्षा जास्त असते आणि तशी धरूनच आखणी करावी. मायकेल फेल्प्सने बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लाय ५०.५८ सेकंदांत जिंकली, तेव्हा पन्नास मीटरच्या भिंतीवर तो सातवा होता. त्याचे स्प्लिट २४.०४ आणि २६.५४ होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या मिलोराद चाविचपेक्षा तो अखेर ०.०१ सेकंदाने पुढे आला. म्हणजे मागून येऊन जिंकलेल्या शर्यतीतही परत येताना अडीच सेकंद जास्त लागले होते. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिल्या शंभरात फटके कमी आणि सरक लांब, आणि दर पन्नासाला एखाद-दोन फटके वाढवत जाणे हा उत्तम मार्ग आहे. मिश्र प्रकारात, म्हणजे चारही प्रकार एकामागून एक पोहायच्या शर्यतीत, बटरफ्लायच्या टप्प्यावर उगाच शौर्य दाखवू नये. ४०० मीटर मिश्रमध्ये तर बटरफ्लायनंतर श्वास आटोक्यात असला पाहिजे, कारण ब्रेस्टस्ट्रोकच्या शंभरात दमलेला माणूस आठ-दहा सेकंद सहज गमावतो.

शर्यतीनंतर

वेळ पाहून आनंद किंवा दुःख व्यक्त करून झाले की त्याच संध्याकाळी चारही स्प्लिट ठरवलेल्या आकड्यांच्या शेजारी लिहावेत आणि जमल्यास चित्रफितीवरून फटके मोजून तेही नोंदवावेत. पहिला स्प्लिट ठरल्यापेक्षा अर्ध्या सेकंदाहून वेगवान असेल, तर बाकीच्या घसरणीची चर्चा करण्यात अर्थ नाही. पुढच्या दोन आठवड्यांचा सराव पहिल्या पन्नासाच्या अंदाजाचा. पहिले दोन स्प्लिट बरोबर आणि तिसरा कोसळलेला असेल, तर १५० मीटर सलग पोहण्याचा सराव अपुरा आहे. पहिले तीन ठीक आणि चौथा तिसऱ्यापेक्षा सेकंदभर वेगवान असेल, तर लक्ष्य फार सावध होते. पुढच्या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या पन्नासातून प्रत्येकी चार-पाच दशांश कमी करावेत, पहिल्यातून नव्हे. माझ्या वहीत त्या नोंदीच्या खालच्या पानावर पुढच्या स्पर्धेतले आकडे आहेत: ३२.४, ३५.६, ३६.३, ३६.१.